पहिला मान कोणाचा?

राष्ट्र बळकट व्हावयाचे असेल तर बहुसंख्य समाजाच्या धर्माला सार्वजनिक व्यवहारात पहिला मान मिळाला पाहिजे, हा विचार आज केवळ जातीयवादी पक्षांच्या सभांतून नव्हे, तर एरवी सरळमार्गी असलेल्या सुशिक्षितांच्या बैठकींतूनही ऐकू येतो. 'इतरांना कोणी हाकलून देत नाही. फक्त घर कोणाचे हे एकदा ठरले पाहिजे', अशी त्याची मांडणी असते. आपल्या कार्यकर्त्यांपैकीही काहींना वाटू लागले आहे की, ह्या भावनेशी सतत झुंजत बसण्यापेक्षा तिच्याशी थोडे जुळवून घ्यावे, लोकांत पाय रोवावा आणि मग भाकरीचे व रोजगाराचे प्रश्न हाती घ्यावेत. हा विचार दुष्टबुद्धीतून आलेला नाही. निवडणुकीमागून निवडणूक हरलेल्या माणसाला तो सुचणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याला उपदेशाने उत्तर देऊन भागणार नाही. अनुभवाने उत्तर दिले पाहिजे.

असा अनुभव आपल्या अगदी शेजारी, श्रीलंकेत, लिहून ठेवलेला आहे. तेथील समाजवाद्यांनी हा मार्ग चोखाळला. ते आपल्याला परके नव्हते. आपल्याकडे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला आणि १९३५ साली सिलोनमध्ये लंका सम समाज पक्षाची स्थापना झाली. १९३७ साली कमलादेवी चट्टोपाध्याय त्या पक्षाच्या निमंत्रणावरून तेथे व्याख्याने देत हिंडल्या होत्या. १९४२ साली त्या पक्षाचे नेते तुरुंग फोडून समुद्रमार्गे भारतात आले आणि 'चले जाव'च्या धामधुमीत येथे भूमिगत राहून काम करू लागले. त्यांपैकी एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धने ह्यांना १९४३ साली मुंबईत अटक झाली. त्यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी येथे उभारलेला बोल्शेविक लेनिनवादी पक्ष १९४८ साली आपल्याच समाजवादी पक्षात विलीन झाला. परेरा हे लास्कींचे विद्यार्थी. कोल्विन डी सिल्वा हे नामांकित वकील. त्यागात, विद्वत्तेत किंवा कामगार संघटनेच्या बळात ही मंडळी आपल्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. म्हणूनच त्यांच्या बाबतीत जे घडले ते आपल्या बाबतीत घडणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

ह्या कथेचा आरंभ धर्मापासून होत नाही. तो चहाच्या मळ्यापासून होतो. ब्रिटिश मळेवाल्यांनी तामिळनाडूतील दुष्काळी मुलखातून नेलेल्या मजुरांची संख्या स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ७ लाख होती. देशाचे परकीय चलन मुख्यतः त्यांच्या घामातून येत होते. १९४७ च्या निवडणुकीत ह्या मजुरांनी आपले प्रतिनिधी निवडून दिलेच, शिवाय अनेक मतदारसंघांत डाव्या उमेदवारांना हात दिला. लगेच, म्हणजे ४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाल्यावर वर्षही उलटले नाही तोच, डी. एस. सेनानायके ह्यांच्या सरकारने नागरिकत्वाचा असा कायदा केला की, त्यातील बहुतेक मजूर नागरिक ठरले नाहीत. आणि १९४९ साली त्यांचा मताधिकारही गेला. 'हे लोक आपल्या राष्ट्राचे नव्हेत', एवढे म्हटल्याबरोबर देशातील सर्वांत मोठा संघटित कामगारवर्ग मतपेटीतून नाहीसा झाला. राष्ट्रीयत्वाची व्याख्या ही केवळ भावनेची बाब नसते. तिच्यात वर्गीय हितसंबंध कसे दडलेले असतात, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. सम समाज पक्षाने तेव्हा ह्या कायद्यांना कसून विरोध केला, हे त्याच्या श्रेयाच्या बाजूस नोंदविले पाहिजे.

१९५३ साली सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटवरून ७० सेंट केला. त्याविरुद्ध १२ ऑगस्ट रोजी डाव्या पक्षांनी 'हरताळ' पुकारला. हा आपला शब्द तेथेही रूढ आहे. रेल्वे थांबल्या, गोळीबार झाला, मंत्रिमंडळाला कोलंबोच्या बंदरातील ब्रिटिश युद्धनौकेवर बैठक घ्यावी लागली आणि ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान डडली सेनानायके ह्यांनी राजीनामा दिला. तांदळाच्या प्रश्नावर सिंहली आणि तामिळ एकत्र येऊ शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मग अवघ्या तीन वर्षांत चित्र का पालटले? येथे अर्थशास्त्राचा थोडा विचार करावा लागतो. देशाचे उत्पन्न मळ्यांवर, आणि मळ्यांत सुशिक्षितांना काम नाही. कारखानदारी नगण्य. १९४५ पासून शिक्षण मोफत झालेले. त्यामुळे दरवर्षी शिकलेल्या मुलांची नवी तुकडी सरकारी नोकरीच्या दाराशी येऊन उभी राहत होती. त्या दारावर पाटी मात्र इंग्रजीत होती, आणि इंग्रजी येणारे लोक शंभरात दहाही नव्हते. राज्यकारभार जनतेच्या भाषांतून चालावा, ही मागणी सर्वस्वी न्याय्य होती. ती मूळची मूठभर इंग्रजी शिकलेल्यांविरुद्ध बहुजनांची मागणी होती आणि तीत सिंहलीबरोबर तामिळलाही जागा होती. परंतु नोकऱ्या वाढवावयाच्या असतील तर उद्योग काढावे लागतात, भांडवल गुंतवावे लागते, मळ्यांतील नफ्याला हात घालावा लागतो. हे काम कठीण. त्यापेक्षा आहेत त्याच नोकऱ्यांतून शेजाऱ्याला बाहेर काढणे सोपे. उत्तरेकडील तामिळांनी मिशनऱ्यांच्या शाळांतून इंग्रजी शिकून सरकारी नोकऱ्यांत बरेच स्थान मिळविलेले होते. 'इंग्रजीऐवजी स्वभाषा' ह्या घोषणेची 'फक्त सिंहली' ही घोषणा झाली ती अशी.

१९५६ हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणून तेथे साजरे होत होते. भाषा आणि धर्म ह्यांची सांगड घालण्यास ह्याहून सोयीचा मुहूर्त नव्हता. सॉलोमन बंदरनायके ह्यांनी ती सांगड घातली, भिक्षू गावोगाव प्रचाराला निघाले आणि त्यांची आघाडी सत्तेवर आली. जूनमध्ये 'फक्त सिंहली' विधेयक संसदेपुढे आले, तेव्हा समोरच्या गॉल फेस मैदानावर तामिळ नेते गांधीजींच्या पद्धतीने सत्याग्रहास बसले. जमावाने त्यांना बेदम मारहाण केली आणि पोलीस पाहत राहिले. दोन भाषा मानाल तर राष्ट्र एक राहील, एकच लादाल तर राष्ट्रे दोन होतील, असा इशारा कोल्विन डी सिल्वा ह्यांनी त्या वेळी दिला. तो शब्दशः खरा ठरला.

बंदरनायके स्वतः अतिरेकी नव्हते. १९५७ साली त्यांनी तामिळ नेते चेल्वनायकम ह्यांच्याशी करार करून प्रादेशिक मंडळे आणि तामिळ भाषेला उत्तर-पूर्वेत कारभाराचे स्थान देण्याचे मान्य केले. परंतु ज्या शक्तीच्या खांद्यावर बसून ते आले होते, ती आता त्यांना खाली उतरू देईना. एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी त्यांच्या घरासमोर ठाण मांडले आणि त्यांना करार रद्द करावा लागला. लगोलग दंगली उसळल्या. सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्षूनेच त्यांना गोळ्या घातल्या, आणि ह्या कटाचा सूत्रधार म्हणून जो शिक्षा पावला तो १९५६ च्या त्यांच्या प्रचारातील एक बडा मठाधिपती होता.

आता समाजवाद्यांकडे वळू. त्यांच्यापैकी फिलिप गुणवर्धने हे १९५६ सालीच बंदरनायके ह्यांच्या आघाडीत गेले होते. भाषेच्या बाबतीत थोडे नमते घ्यावे आणि त्या बदल्यात कुळांचा प्रश्न सोडवावा, हा त्यामागील हिशेब. शेतीमंत्री म्हणून त्यांनी १९५८ साली कुळकायदा आणला, तोही पुष्कळ पातळ करूनच संमत झाला; आणि १९५९ साली आघाडीतील उजव्या मंत्र्यांनी त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावयास लावले. मूळ सम समाज पक्ष आपल्या भूमिकेवर ठाम राहिला खरा, परंतु मार्च १९६० च्या निवडणुकीत सत्तेची आशा धरून उतरलेल्या त्या पक्षाला अवघ्या १० जागा मिळाल्या. तेथून मनाची पकड सुटली. १९६४ साली पक्ष सिरिमावो बंदरनायके ह्यांच्या सरकारात गेला व परेरा अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी ह्या सरकारने शास्त्रीजींशी करार करून मळेकामगारांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख लंकेकडे, उरलेल्यांचे पुढे पाहू. ज्या मजुरांच्या मताधिकारासाठी हे पक्षनेते एकेकाळी लढले, त्यांना कोठे जावयाचे आहे हे कोणी विचारले नाही. जानेवारी १९६६ मध्ये तर, तामिळ भाषेला मर्यादित सवलती देणाऱ्या नियमांविरुद्ध कोलंबोत निघालेल्या मोर्च्यात सम समाजवादी आणि कम्युनिस्ट दोघेही सामील झाले.

ह्या घसरणीचा शेवट १९७२ साली झाला. संयुक्त आघाडीच्या सरकारने देशाची नवी घटना केली. तीत बौद्ध धर्माला अग्रस्थान देण्यात आले, सिंहली ही एकमेव राजभाषा घटनेतच कोरण्यात आली, आणि कोणत्याही धर्माला वा जमातीला विशेष अधिकार देणारा कायदा करता येणार नाही, हे जुन्या घटनेतील २९ वे कलम गाळण्यात आले. ही घटना ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते घटनाव्यवहारमंत्री म्हणजे १९५६ साली इशारा देणारे कोल्विन डी सिल्वाच होत.

ह्या मोबदल्यात समाजवाद्यांना काय मिळाले? १९७५ साली त्यांना सरकारातून काढून टाकण्यात आले. १९७० साली १९ जागा जिंकणाऱ्या सम समाज पक्षाला १९७७ साली एकही जागा मिळाली नाही. ज्याला बहुसंख्यांच्या धर्माचा आणि भाषेचा पक्ष हवा होता, त्याच्यापुढे दोन अस्सल पक्ष उभे होते. नक्कल त्याला नको होती. आणि ज्याला समतेचा पक्ष हवा होता, त्याच्यापुढे आता कोणीच उरले नव्हते. १९७७ साली आलेल्या जयवर्धने सरकारने अर्थव्यवस्था खुली केली, १९८० सालचा सार्वत्रिक संप चिरडून हजारो कामगारांना घरी बसविले, आणि १९७८ च्या घटनेत 'लोकशाही समाजवादी प्रजासत्ताक' असे देशाचे नाव ठेवून बौद्ध धर्माचे अग्रस्थान जसेच्या तसे ठेवले. १९८१ साली जाफना येथील ग्रंथालय सुमारे ९७ हजार ग्रंथांसह जाळण्यात आले. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत मतदारयाद्या हाती घेऊन तामिळांची घरे शोधणारे जमाव हिंडले, तेव्हा त्यांना अडविण्यासाठी रस्त्यावर उतरणारी कामगार संघटना शिल्लक नव्हती. पुढे २००९ पर्यंत चाललेल्या यादवीत ८० हजार ते १ लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. त्या यादवीत वाघांनी आपल्याच तामिळ बांधवांवर केलेल्या जुलमाचे समर्थन कोणीही करणार नाही. पण त्या बंदुकीला भरती मिळाली ती १९५६ आणि १९७२ ने दिली, हेही विसरता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, निदान सिंहली बहुजनांचे तरी ह्यात कल्याण झाले असेल. वस्तुस्थिती तशी नाही. 'फक्त सिंहली' कायद्यानंतर पंधरा वर्षांनी, एप्रिल १९७१ मध्ये, ज्या तरुणांनी सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला, ते सिंहली भाषेतून शिकलेले, बौद्ध घरांतले, खेड्यापाड्यांतले बेकार तरुण होते. राज्याने त्यांच्या भाषेला सिंहासन दिले होते; नोकरी दिली नव्हती. त्या उठावात हजारो मुले मारली गेली. त्याच सुमारास विद्यापीठ-प्रवेशासाठी भाषेनुसार वेगवेगळी गुणमर्यादा लावण्याचा उपाय निघाला, म्हणजे पुन्हा आहेत त्याच जागांची नवी वाटणी. शंभर माणसांमागे दहा जागा असतील, तर कोणता धर्म पहिला हे ठरविल्याने त्यांच्या अकरा होत नाहीत, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

शिवाय आपल्यातील एका जुन्या समजुतीचीही येथे तपासणी होते. पोट भरले, शाळा-दवाखाने आले की जातीयवाद आपोआप ओसरेल, असे आपण वर्षानुवर्षे मानीत आलो. श्रीलंकेत साक्षरता आपल्यापेक्षा कितीतरी अधिक होती, औषधोपचार मोफत होता, शिधा स्वस्त होता. तरीही वणवा पेटला. कल्याणकारी योजना आवश्यकच आहेत. पण 'आपण' म्हणजे कोण, ह्या प्रश्नाचे समतेचे उत्तर देणारे राजकारण सोबत नसेल, तर त्या योजना एकट्याने माणसे जोडीत नाहीत.

युद्ध संपल्यावरही शत्रूची गरज संपली नाही. आता पाळी मुसलमानांची आली. २०१४ साली अलुथगमा व २०१८ साली कँडीच्या परिसरात दंगली झाल्या. २०१९ च्या ईस्टरला अतिरेक्यांनी चर्चमध्ये केलेल्या अमानुष स्फोटांनंतर गोटाबाया राजपक्षे प्रचंड मतांनी निवडून आले आणि अनुराधपुरच्या प्राचीन स्तूपाजवळ त्यांनी शपथ घेतली. त्यांच्या सरकारने लगोलग करांत मोठी कपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. २०२० साली साथीत मेलेल्या मुसलमानांची प्रेते दफन करू न देता सक्तीने जाळली. जागतिक आरोग्य संघटना दफनास हरकत घेत नव्हती, तरी हे जवळजवळ वर्षभर चालले. २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घालून भातशेतीचा घास काढून घेतला. १२ एप्रिल २०२२ रोजी देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवीत असल्याचे जाहीर केले. सिंहली शेतकरी आणि बौद्ध रिक्षावाला पेट्रोलसाठी दिवसचे दिवस रांगेत उभे राहिले. धर्माभिमानाच्या धुरात तिजोरीचा हिशेब कोणी विचारला नव्हता. तो ह्या रांगांत चुकता झाला.

हे सारे वाचून बौद्ध धर्मावर ठपका ठेवण्याचा मोह कोणाला होईल, तर तो अन्याय होईल. ज्या १९५६ सालात कोलंबोत 'फक्त सिंहली' कायदा झाला, त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेथे धर्म राज्यसत्तेकडे पहिला मान मागत होता. येथे शतकानुशतके शेवटच्या पायरीवर ठेवलेली माणसे 'कोणालाच शेवटचा मान नको' म्हणून त्याच धर्माकडे वळत होती. धर्म तोच, ग्रंथ तेच. फरक पडला तो राज्यसत्तेशी असलेल्या नात्यात.

ह्यावरून कार्यकर्त्यांच्या नेहमीच्या शंकेचेही उत्तर सापडते. 'लोक श्रद्धाळू आहेत. त्यांच्या श्रद्धेला फटकून राहिलो तर आपले कोण ऐकणार?' असे ते विचारतात. फटकून राहा असे म्हणतो कोण? साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले ते विठ्ठलाच्या दारातच. त्यांची भाषा वारकऱ्याची होती, आणि मागणी बंद दार उघडण्याची होती. कसोटी एवढीच लावावी: धर्माचा शब्द उच्चारून आपण कोणासाठी दार उघडतो आहोत, की कोणाला दाराबाहेर ठेवतो आहोत? पहिले काम समाजवाद्याने खुशाल करावे. दुसऱ्या कामात गप्प राहणे हीसुद्धा भागीदारीच ठरते.

आपल्या देशानेही १९५६ साली भाषेच्या प्रश्नाला तोंड दिले, पण वेगळ्या रीतीने. राज्यपुनर्रचना झाली, १९६० साली आपला महाराष्ट्र मिळाला, १९६७ साली कायद्यात दुरुस्ती करून हिंदी न बोलणाऱ्या राज्यांना इंग्रजीबाबतचे आश्वासन देण्यात आले. वेगळ्या राष्ट्राची मागणी करणाऱ्या द्रविड मुन्नेत्र कळघमने ती १९६३ साली सोडली होती. १९६७ साली तो पक्ष मद्रासमध्ये राज्यकारभार करू लागला. तेच तामिळ, तीच भाषाभिमानाची तीव्रता. पाल्कच्या सामुद्रधुनीच्या एका तीरावर ती राष्ट्रात मुरली, दुसऱ्या तीरावर तिच्यातून युद्ध निघाले. आपली घटना कोणत्याही धर्माला पहिला मान देत नाही, हा तिचा कमकुवतपणा आहे असे जे सांगतात, त्यांना हे दोन तीर दाखवावेत.

कार्यकर्त्यांनी ह्यातून तीन गोष्टी गाठीशी बांधाव्यात. कोणाचे नागरिकत्व वा मताधिकार संशयाच्या भोवऱ्यात आणला जातो तेव्हा त्यामागे कोणाचे आर्थिक हित आहे हे प्रथम शोधावे, आणि तो प्रश्न 'त्यांचा' आहे म्हणून सोडू नये. न्याय्य मागणीला, मग ती भाषेची असो, आरक्षणाची असो वा रोजगाराची असो, शेजाऱ्याविरुद्ध वळविले जाऊ लागले की सभेत उभे राहून तसे सांगावे, टाळ्या मिळाल्या नाहीत तरी. आणि एखादा लहानसा अपवाद करून मोठे काम साधू, असा हिशेब कोणी मांडला तर त्याला १९५६ ते १९७७ ह्या एकवीस वर्षांचा जमाखर्च दाखवावा.

२०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोलंबोच्या त्याच गॉल फेस मैदानावर हजारो तरुण तळ ठोकून बसले होते. रमजानात तेथे भिक्षू, पाद्री आणि मुसलमान एकत्र इफ्तारला बसले. १८ मे रोजी, युद्धाच्या शेवटी मुळ्ळिवाय्काल येथे मारल्या गेलेल्या तामिळांसाठी सिंहली तरुणांनी तेथे दिवे लावले. १९५६ साली तामिळ सत्याग्रही जेथे रक्तबंबाळ झाले होते तेथेच हे घडावयास सहासष्ट वर्षे लागली. २०२४ साली डाव्या आघाडीचे अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले आणि संसदेच्या निवडणुकीत जाफना जिल्ह्यातील तामिळांनीही त्यांच्या आघाडीला सर्वांत अधिक जागा दिल्या. अग्रस्थानाचे कलम मात्र घटनेत अजून कायम आहे. एकदा लिहिलेले असे कलम पुसणे किती अवघड असते, हे तेथील आपले समविचारी आज अनुभवीत आहेत. आपल्याकडे ते लिहिले गेलेले नाही. ते लिहिले जाऊ न देणे हे काम, ते पुसण्याच्या कामाहून पुष्कळ सोपे आहे. आणि ते आजच करावयाचे आहे.